बारशाला बोललेलं

पिंपरी,
ता. १८ सप्टेंबर १९५७

ती. वन्संस,

इंदूचा नमस्कार. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. तुमची खुशाली तुमच्या कार्डावरून आधी पोस्टमन भिमाजीला, मग शेजारच्या शालनबाईंना आणि सगळ्यांत शेवटी मला कळली. उघडं कार्ड टाकलं की असंच व्हायचं. एक अंतर्देशीय घ्यायला काही डोंगर फोडायला लागत नाही.

कार्डात तुम्ही लिहिलंय की वसुबारसेला रहिमतपूरहून निघणार, भाऊबीज करून पंधरा दिवस राहणार "आणि पोरीला जरा बघणार." येऊ का असं विचारलेलं नाही, येणार असं कळवलंय. तेव्हा मीही आडपडदा न ठेवता लिहिते. येऊ नका.

हे पत्र तुमच्या बंधूंना मी दाखवलेलं नाही. त्यांची या महिन्यात रात्रपाळी आहे, दिवसा झोपतात, आणि जागे असले तरी बहिणीच्या बाबतीत त्यांचं डोकं चालत नाही. आईमागे तुम्ही त्यांना वाढवलंत, विधवा होऊन माहेरी आलात त्या दिवसापासून दुसऱ्याच्या शेतात राबून सातवीपर्यंत शिकवलंत, हे मी लग्न झाल्यापासून महिन्यातून एकदा तरी ऐकते. खोटं आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण वाढवलंत ते त्यांना, मला नाही.

जागाही नाही. तानाबाईंच्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत चूल आणि सरपण. पण जागेचं निमित्त करून मी तुम्हाला फसवणार नाही. जागा असती तरी हेच लिहिलं असतं.

कुमुदच्या बारशाला सव्वादोन वर्षं झाली, पण मला काल झाल्यासारखं आठवतं. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं, हे मलाही ठाऊक आहे. पण पाळण्याभोवती सवाष्णी उभ्या, आणि तुमच्या कपाळाला कुंकू नाही. त्यात माझा काय दोष? माझ्या आईनं सांगितलं, नको, पहिलं बाळ आहे. म्हणून आत्याच्या जागी शालनबाईंना उभं केलं. त्यांनी कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. तुम्हाला आतल्या खोलीत बसायला पाट दिला होता, चहाही दिला होता. त्यावर तुम्ही काय केलंत? तिथली तांब्याची भरलेली घागर फरशीवर आपटलीत, बाहेर आलात, आणि भरल्या घरात चाळीस बायकांसमोर एक वाक्य बोललात. ते वाक्य इथे लिहून मी कागद नासवत नाही. तुम्हाला पाठ असेल. मलाही आहे.

अशा जिभेला मी पुन्हा पोरीजवळ येऊ देणार नाही. झालं, एवढंच सांगायचं होतं.

तुमच्या भाचीची हालहवाल कळवते, नाहीतर इंदूनं तेवढंही कळवलं नाही असं व्हायचं. सातव्या महिन्यात दोन दात आले. उष्टावण माझ्या भावानं केलं, चांदीची वाटी आणली होती. अकरा महिन्यांची व्हायच्या आधी चालायला लागली. शालनबाईंचा मुलगा तिच्याहून दोन महिन्यांनी मोठा, तो तेव्हा भिंत धरून उभा राहत होता. आता जिना चढते, पायात चप्पल आपली आपण घालते, माझी कणीक मळून झाली की परात पुढ्यात ओढून स्वतः मळायला बसते. एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा दाखवावं लागत नाही.

हट्टी मात्र आहे. हाक मारली तर वळून म्हणून बघायची नाही. दहा हाका मारा, आपल्याच नादात. आत्यावर गेलीय, असं मी तुमच्या बंधूंना म्हणते. ते हसत नाहीत.

गेल्या रविवारी पुण्याला पेशवे पार्कात गेलो होतो. चिंचवड स्टेशनावरून सकाळच्या गाडीनं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकड्या घेतल्या होत्या. लहान मुलांच्या आगगाडीत तुमचे बंधूच पोरीपेक्षा ऐटीत बसले होते. मग सिंहाच्या पिंजऱ्यापाशी गेलो. तो मेला पडूनच होता, पण आम्ही जवळ गेलो आणि त्याला काय झालं कोण जाणे, अशी डरकाळी फोडली की मीच दोन पावलं मागे सरले. सगळी पोरं रडत आयांच्या पदरात शिरली. कुमुद नाही. ती शेंगदाणे खात उभी होती आणि बाकीची पोरं का रडतायत म्हणून त्यांच्याकडे टकामका बघत होती. शेजारचा एक माणूस म्हणाला, वाघीण आहे तुमची. माझ्या मुलीत भित्रेपणा म्हणून नाही, हे तुम्हाला कळावं.

बोलत नाही अजून, हे तुमच्या बंधूंनी तुम्हाला सांगितलंच असणार. त्यावरून तुम्ही "बघणार" लिहिलंय तेही मला समजतं. त्यात बघण्यासारखं काही नाही. माझा भाऊ अर्जुन चार वर्षांचा होईपर्यंत अवाक्षर बोलला नव्हता. आज वकिलाकडे कारकून आहे आणि त्याला गप्प करायला माणूस लागतो. आमच्याकडे उशिरा बोलतात.

दुसऱ्याच्या पोरात खोडी काढायची हौस मात्र सगळ्यांनाच. परवा दुपारी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा तानाबाई अंगणात मिरच्या वाळवत होत्या. मला म्हणाल्या, "आवं इंदूबाई, भोंगा झाला की समदी पोरं कानावर हात ठिवत्यात. तुमची बगा की, मुंगीच्या मागं चाललीया."

मी म्हटलं, "तिला सवय झालीय भोंग्याची."

"व्हय? मग आमच्या पोरांना न्हाई झाली ती सवय?"

मी पोरीला उचलून आत आणलं. घरमालकीण आहे, तोंड लावून भागत नाही.

भाऊबीजेला तुमचे बंधू एक दिवसासाठी तिकडे येतील. त्यांच्याबरोबर फराळ पाठवीन. करंज्या तुम्हाला माझ्या हातच्या आवडत नाहीत, त्या नाही पाठवणार.

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

सौ. इंदुमती उद्धवराव माने


पिंपरी,
ता. ४ नोव्हेंबर १९५७

ती. वन्संस,

नमस्कार. दिवाळी झाली. तुम्ही आला नाहीत, तेवढं बरं केलंत. पण मग ते कार्ड कशाला पाठवलंत? आणि तेही पुन्हा उघडं?

मी ते फाडलं, पण पाठ झालंय. "इंदू, रागावू नको. कुमुदच्या पाठीमागं उभी राहा, तिला दिसू देऊ नको, आणि पितळेचं ताट जोरानं वाजव. मग काय झालं ते मला कळव. दुर्गा."

भिमाजीनं ते चालता चालता वाचलं. माझ्या हातात देताना त्याची मान खाली होती, त्यावरूनच मला कळलं. संध्याकाळपर्यंत आळीत झालं. दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले आणि परत येते तो काय, कुमुद अंगणातून आपली बाहुली ओढत चाललीय आणि तिच्या मागे आळीतली आठ-दहा पोरं ताटं, डबे, झाकणं बडवत वरात काढल्यासारखी चाललीयत. बाया ओसरीवर उभ्या राहून बघतायत. सगळ्यांना ठाऊक, फक्त जिच्या मागे वरात होती तिला ठाऊक नाही. ती मला बघून हसली. मी हंडा तिथंच टाकला आणि पोरांच्या अंगावर धावून गेले. कुणाला लागलं, कुणाला नाही, मला माहीत नाही.

हे तुमच्या कार्डानं झालं. तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंत असं तुमचे बंधू म्हणतात. चांगल्या मनाला पाकीट मिळत नाही का हो?

फराळ पोचल्याचं तुम्ही कळवलं नाहीत, पण तुमच्या बंधूंनी सांगितलं की चिवडा आवडला. कुमुदला पाठवलेलं परकराचं कापड मिळालं. रंग बरा आहे.

दिवाळीत फटाके आणले होते. नरकचतुर्दशीला आळीत कुणी तरी मोठा फटाका तिच्या पायाशी लावला. ती वाकून बघायला गेली. तुमचे बंधू पळत जाऊन तिला ओढेपर्यंत तो उडाला, तिच्या हाताला थोडं भाजलं. रडली ती भाजल्यामुळे. मी तुमच्या बंधूंना म्हटलं, लहान आहे, तिला काय कळतंय. ते तिच्या हातावर खोबरेल लावत बसले.

आता दुसरी गोष्ट. हीही तुमच्या कानावर त्यांच्याकडून जाणारच, म्हणून मीच लिहिते. भाऊबीजेनंतरच्या रविवारी आम्ही रहाटणीला निघालो होतो, तानाबाईंच्या भावाच्या मळ्यात हुरडा नव्हे, नुसतं जेवणच होतं, पण पोरीला बाहेर काढावं म्हणून. मुंबई रस्त्याच्या कडेनं चाललो होतो. कुमुद पुढे, आम्ही मागे. तिला रस्त्यात एक गाडीच्या चाकाची चकचकीत टोपी दिसली, ती उचलायला गेली. मागून लॉरी आली. ड्रायव्हरनं वेळेवर हॉर्न दिला नाही. तानाबाईंचे मालक गेनबा धावले आणि तिला दंडाला धरून त्यांनी कडेला फेकलं. गुडघे फुटले, बाकी काही नाही.

वरती मी लिहिलंय की ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही. तानाबाईंनाही तेच सांगितलं. पण त्यानं दिला होता. लांबून देत आला होता. काळेवाडीपर्यंत ऐकू गेला असेल.

तुम्ही कार्डात जे विचारलंत त्याचं उत्तर मी देणार नाही. तो तुमचा अधिकार नाही.

सौ. इंदुमती उद्धवराव माने


पिंपरी,
ता. ८ डिसेंबर १९५७

ती. वन्संस,

इंदूचा साष्टांग नमस्कार. कागदावरच समजा, खरा घालायचा तर पोट आडवं येतं. मला सातवा महिना लागलाय. तुमच्या बंधूंना मीच तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं. आता सांगते.

त्या लॉरीच्या दिवसानंतर तुमचे बंधू मला न विचारता सुटी टाकून आले आणि म्हणाले, उद्या पुण्याला जायचं. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "पोरीचा परकर शिवून झालाय ना, तो घाल तिला." एवढंच.

कुमुदला वाटलं पुन्हा पेशवे पार्कात निघालो. गाडीत खिडकीशी उभी होती. तुम्ही पाठवलेल्या कापडाचाच परकर, त्यावर पिवळं पोलकं. शिवाजीनगरला उतरून टांगा केला तर हातानं मला झाडं दाखवत होती, पक्षी दाखवत होती. तिला दवाखाना दिसला तरी ती खुशीत होती, कारण तिथं रांगेत आणखी पोरं होती.

डॉक्टर म्हातारे होते, माणूस सभ्य. त्यांनी तिला तुमच्या बंधूंच्या मांडीवर बसवलं, हातात एक लाकडी घोडा दिला आणि स्वतः मागे गेले. टाळी वाजवली. शिट्टी वाजवली. मग टेबलावरची पितळी घंटा उचलून तिच्या उजव्या कानामागे वाजवली, मग डाव्या. वन्सं, मी समोर उभी होते. ती घोड्याच्या शेपटीशी खेळत होती. मग तिनं मान वर केली. मला वाटलं झालं, ऐकलं! पण ती घंटेकडे बघत नव्हती. तिच्या बापाच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते बघत होती. बोट लावून तिनं ते पुसलं.

डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच असावं. औषध नाही, ऑपरेशन नाही, आणि कुणी आहे म्हणालं तर पैसे देऊ नका. मग म्हणाले, "हुशार आहे मुलगी. पण अडीच वर्षं झाली, इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, "नाही."

तुमचे बंधू जमिनीकडे बघत राहिले. परतीच्या गाडीत कुमुद झोपली, खडकी गेली, दापोडी गेली. चिंचवडला उतरताना म्हणाले, "अक्का बोलली होती." आणि पोरीला खांद्यावर घेऊन पुढे चालायला लागले.

तेव्हा आता ते वाक्य लिहायला हवं.

बारशाच्या दिवशी शालनबाईंनी कानात कुर्रर्र केलं. शालनबाईंचा आवाज तुम्हाला माहीत आहे. कुमुद हलली नाही. बायका म्हणाल्या, शांत बाळ आहे हो. मग आत घागर पडली. सगळं घर दणाणलं. शालनबाईंचा मुलगा किंचाळत उठला, आणखी दोन बाळं रडायला लागली, माझ्या आईच्या हातून कुंकवाची कोयरी सांडली. आणि पाळण्यात कुमुद उघड्या डोळ्यांनी पाय हलवत होती. तुम्ही दारात आलात, पाळण्यात बघितलंत आणि म्हणालात, "घागर पडली तरी पोर दचकली न्हाई. उद्धवा, हिचं कान दावून घे कुणाला तरी."

एवढंच बोललात. त्यात शिवी नव्हती, शाप नव्हता. मी अडीच वर्षं लोकांना सांगत आले की मान मिळाला नाही म्हणून दुर्गाबाईंनी भरली घागर आपटली आणि पोरीला वाईट बोलल्या. घागर तुम्ही मुद्दामच पाडलीत असं मला अजूनही वाटतं. पण रागानं पाडली नव्हतीत.

त्यावर मी काय बोलले तेही लिहिते. तुम्ही कुणाला सांगितलं नसेल, तुमच्या बंधूंनी तर नाहीच. मी म्हटलं, "स्वतःचं कपाळ पांढरं झालं म्हणून माझ्या लेकीचं वाईट चिंतता? निघा माझ्या घरातून." पंगत बसायची होती. तुम्ही बोचकं उचललंत आणि भर उन्हात चिंचवड स्टेशनकडे चालायला लागलात. तुमच्यासाठी वाढलेलं पान मी उचलून गाईला घातलं. हे सगळं मी केलं. माझ्या आईनं सांगितलं म्हणून नव्हे.

आणखी एक आहे. ते तुमच्या बंधूंनाही ठाऊक नाही, आणि तुम्ही त्यांना सांगायचं नाही. ताट मी वाजवलंय. तुमचं कार्ड यायच्या खूप आधी, गेल्या माघात. ते कामावर होते, तानाबाई कुणाच्या तरी लग्नाला गेल्या होत्या. दार लावून घेतलं, पोरीच्या मागे उभी राहिले आणि पितळेच्या ताटावर उलथनं हाणलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माझेच कान बधिर झाले. ती भिंतीवर कोळशानं रेघा ओढत होती, ती ओढतच राहिली. मी ताट घासून फळीवर ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले. तेव्हापासून लोकांना अर्जुनची गोष्ट सांगायला लागले, चार वर्षांपर्यंत बोलला नाही म्हणून. तो दीड वर्षाचा असतानाच आईला हाका मारायचा. ते मी खोटं लिहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल इंदू वठणीवर आली. नाही आले. माझा तुमच्यावरचा राग आहे तो आहेच, आणि आज पहिल्यांदा मला कळलंय की तो कशाचा आहे. तुम्हाला कळलं होतं तर एकदा बोलून गप्प का बसलात? मी हाकललं म्हणून? मी बारा दिवसांची बाळंतीण, मला अक्कल नव्हती. तुम्हाला होती ना? मग दारात बसून राहायचं होतं. भावाच्या कानाला धरायचं होतं. सव्वादोन वर्षं तुम्ही कार्डं पाठवलीत ती काय, तर यंदा ज्वारी बरी आहे, म्हैस व्याली, उद्धवाच्या खोकल्याला अडुळसा द्या. पोरीच्या कानाचं अक्षर नाही! माझ्याशी भांडण उकरायचं नव्हतं म्हणून तुम्ही तुमचा मान सांभाळत बसलात, मी माझा सांभाळत बसले, आणि ती पोर लॉरीखाली जायची राहिली. चाळीस बायकांसमोर बोलायची हिंमत होती तुम्हाला, एकटीला बाजूला घेऊन बोलायची नव्हती. याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही. तुम्हीही मला करू नका, हवं तर. त्यावाचून काही अडणार नाही.

अडतं ते दुसरीकडे. डॉक्टर म्हणाले, पुण्यात अशा मुलांची शाळा आहे, पाच वर्षांची झाली की घेतील. पण तोवर नुसतं बसू नका. तिच्यासमोर बसा, तोंडाकडे बघायला लावा, हातानं, चेहऱ्यानं सारखं बोलत राहा, नाहीतर पोर आतल्या आत मिटून जाईल. दिवसभर तिच्याशी बोलणारं माणूस घरात हवं म्हणाले. तुमचे बंधू पाळीवर. मी ही अशी, आणि मला ते येतही नाही. मी तिच्यापुढे तोंड हलवते आणि मलाच रडू येतं, मग ती घाबरते.

तुम्हाला येतं. माझ्या लग्नात मी बघितलंय. तुमचे धाकटे दीर चिमाजी मांडवाच्या पार त्या टोकाला बसले होते, तुम्ही या टोकाला वाढत होतात. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही हे मला नंतर कळलं. तुम्ही बोटं हलवलीत, भुवया उडवल्यात, आणि ते एवढे मोठ्यानं हसले की भटजी मंत्र म्हणायचे थांबले. मला तेव्हा लाज वाटली होती की सासरची माणसं ही असली. तुम्ही त्या घरात होतात ती चारच वर्षं, पण चिमाजींना पेरणीपासून बाजारहाटापर्यंत सगळं तुम्ही शिकवलंत, असं तुमचे बंधू सांगतात. पूर्वी ते सांगायला लागले की मी उठून जायची. काल मीच विचारलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

तेव्हा या. पंधरा दिवसांसाठी नको, राहायलाच या. मी विनंती करते असं समजायचं तर समजा, पण मला गोड लिहिता येत नाही आणि तुम्हाला ते खरं वाटणारही नाही. आपलं पटणार नाही. तुम्ही भाजीत गूळ घालता, मला चालत नाही. तुम्ही पहाटेपासून भांडी वाजवता. मी उलटून बोलते. रोज एकदा तरी वाजेल. वाजू दे. पोरीला ऐकू जाणार नाही, पण तोंडं वाकडी झालेली दिसतील, म्हणून भांडायचं ते तिच्या माघारी भांडू. आतली खोली तुमची आणि कुमुदची. सरपण मी बाहेर हलवलंय.

हे पत्र पाकिटातून पाठवते आहे. उत्तर कार्डावर लिहिलंत तरी चालेल. आळीला जे कळायचं ते कळलेलं आहे. काल मी स्वतः पाणवठ्यावर सांगितलं, माझ्या मुलीला ऐकू येत नाही, आणि यापुढे कुणाच्या पोरानं तिच्या मागे डबा वाजवला तर तो डबा मी त्याच्या आईच्या डोक्यात घालीन. तानाबाई म्हणाल्या, "बरं क्येलं बोललीस." शालनबाई संध्याकाळी कुमुदला थालीपीठ देऊन गेल्या.

फाल्गुनात माझे दिवस भरतील. मुलगा की मुलगी याचा मला विचार नाही, माझा विचार एकच आहे आणि तो तुम्हाला लिहून सांगायला नको. डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्यालाही असंच असेल का? ते म्हणाले, सांगता येत नाही.

बारशाला माझी आई येईल. ती सवाष्णींचं काढेल, कपाळाचं काढेल. तिला मी बघून घेईन. पाळण्यापाशी तुम्ही उभं राहायचं, कानात नाव तुम्ही सांगायचं, आणि मोठ्यानं सांगायचं, अंगात असेल नसेल तेवढा आवाज काढून. मी बाळाच्या तोंडाकडे बघत असेन, पण माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही, त्यांना जे नको असतं ते दिसत नाही. तुम्ही नीट बघा. आणि बाळ दचकलं नाही, तर तसं तिथल्या तिथं बोला, भरल्या घरात, सगळ्यांसमोर. या खेपेला मी तुम्हाला जा म्हणणार नाही.

तुमची,
इंदू